टीव्हीवरची चादर

२१ ऑक्टोबर

काचांच्या कंपनीकडून दर जानेवारीत माझ्या चष्म्याच्या दुकानाला एक डायरी येते आणि दर जानेवारीत मी ती रद्दीत टाकतो. यंदाची कपाटात राहून गेली होती, ती आज काढली. एक काम अंगावर घेतलंय आणि ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

काल सकाळी न्हाणीघरात दाढी करत होतो. आमच्या इमारतीत न्हाणीघर आणि स्वयंपाकघर, दोन्हींच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात, त्यामुळे शुब्रासारख्या दाट वस्तीत कुणाचं गुपित म्हणून काही राहत नाही. हैसमची आई, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरात फोनवर होती. पलीकडे तिची बहीण करीमा, इस्माइलिया गावात राहणारी.

"येते गं कायमची," ही म्हणाली. "पण लगेच नाही. वाढदिवसापर्यंत बघते. पुढच्या महिन्याची तेवीस तारीख झाली की बॅग भरते." मग थोडं थांबून, "या घरात आवाजच राहिला नाही गं. भिंतींशी किती बोलायचं?"

माझी अर्धी दाढी झाली होती. उरलेली केली. बाहेर येऊन चहा घेतला. चहात माझ्या हातून साखरेऐवजी मीठ पडलं होतं, हे तिने पेला धुताना सांगितलं.

तिचं म्हणणं खोटं नाही. गेल्या वर्षी एप्रिलात आमचा मुलगा हैसम रिंगरोडवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. मयताच्या घरात टीव्ही लावत नाहीत, तसा आमचाही बंद झाला. त्या दिवशी आलेल्या बायकांपैकी कुणीतरी टीव्हीवर चादर घातली. चाळिसावा दिवस झाला, वर्ष उलटलं, चादर आहे तिथेच आहे. तिने काढली नाही आणि मीही विषय काढला नाही. आईचं दुःख, त्याला घाई कशी करणार?

पण ही बाई सिनेमावर जगायची. कणीक मळताना संवाद म्हणायची, नटीच्या आधी रडायची. मोठा झाल्यापासून दर वाढदिवसाला हैसम तिला थिएटरात घेऊन जायचा. तिकिटं दोनच काढायचा, कारण मी सिनेमात झोपतो आणि घोरतो. मी दुकानात बसायचो.

तर ठरवलंय ते असं. नोव्हेंबरच्या तेवीसला शुक्रवार आहे, दुकान बंद. दुपारच्या नमाजनंतर तिला टीव्हीसमोर बसवायचं आणि ओळीने चार सिनेमे दाखवायचे, आमच्या दोघांच्या संसारातले. मग ती जाणार नाही. निदान लगेच जाणार नाही.

२४ ऑक्टोबर

खालच्या मजल्यावरचा हाज्ज बयूमी जिन्यात भेटला. एके काळी या माणसाने आमचं जिणं हराम केलं होतं. मॅच असली की टीव्ही एवढा मोठा लावायचा की आमच्या बशा वाजायच्या. हैसमची आई डक्टमध्ये डोकं घालून ओरडायची, "बयूमी, मेला तुझा टीव्ही!" आणि खालून उत्तर यायचं, "मॅच आहे, हैसमची आई, माफी!"

गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून त्याच्याकडून आवाज नाही. शेजारधर्म म्हणून चाळीस दिवस सगळेच पाळतात, पण हा गडी हट्टाला पेटलाय. तुमच्या टीव्हीवर चादर आहे तोवर माझ्याही टीव्हीला तोंड नाही, म्हणतो. काल मॅच होती. गोल झाला असावा, कारण खालून उशी आपटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

आज मला म्हणाला, "सब्री, अजून?"

"अजून," म्हटलं. "तिची तयारी होत नाही."

"तिची?"

"मग कुणाची?"

त्याने मला खालून वर न्याहाळलं. मग माझी आत दुमडलेली कॉलर त्याने बाहेर काढली आणि विचारलं, "जेवलास का रे?" सकाळचे दहा वाजले होते. वय झालं की माणसं काहीही विचारतात.

२७ ऑक्टोबर

मला सिनेमाची नावं येत नाहीत, चष्म्यांच्या फ्रेमा आठवतात. पडद्यावरच्या हिरोला चष्मा असला की मला आधी दिसतं ते हे की त्याला काचाच नाहीत. दिव्याचा कवडसा पडू नये म्हणून काढतात. दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला ते खपत नाही. मी थिएटरात मोठ्याने म्हणायचो, "काचा नाहीत!" पुढे हैसम लहान असतानाच माझ्या आधी म्हणायला लागला. मी तोंड उघडायचो, तोवर हा शेजारून, "बाबा, काचा नाहीत!" त्याची आई दोघांना चिमटे काढायची. "सिनेमा बघायला आलायत की दुकान मांडायला?"

मेट्रोच्या जिन्याजवळ अश्मावी नावाचा माणूस पेनड्राइव्हवर सिनेमे भरून देतो. त्याच्याकडे गेलो.

"जाड काळी फ्रेम," म्हटलं. "उजवी दांडी जरा वाकलेली. बँकेतला कारकून असतो."

"उस्ताज, नट सांगा, नटी सांगा, एखादं गाणं सांगा. दांडीवरून सिनेमा कसा शोधू?"

"नटी डाव्या डोळ्याने किंचित तिरळी होती."

"या रब्बी!" त्याने कपाळ बडवलं. "ती? अर्धा देश त्या डोळ्यांवर फिदा होता, आणि तुम्हाला तिरळेपणा दिसला?" पण सिनेमा बरोबर काढला.

तो महत्त्वाचा. तेव्हा हैसमच्या आईला नववा महिना होता आणि तो कारकून साहेबाच्या खुर्चीत अडकतो त्या जागी ती इतकी हसली की कळा सुरू झाल्या. आम्ही थिएटरातून थेट इस्पितळात गेलो. शेवट आम्हाला माहीतच नाही. बाकी दोन असे: साखरपुड्यानंतरचा, ज्यात तिची मावशी सिनेमात खायच्या बियांची पुडी घेऊन आमच्या दोघांच्या मधे बसली होती, आणि लग्नानंतरच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या थिएटरात पाहिलेला, कारण घरात पंखा नव्हता. चौथा सुचत नाही.

निघताना अट घातली. "यातल्या कशात कुणी मरायला नको. आणि आई रडायला नको."

अश्मावीने हातातली वायर खाली ठेवली. "आमच्या सिनेमात? आई रडायला नको असेल तर मॅच बघा, उस्ताज." मग जरा विचार करून म्हणाला, "हल्ली तिथेही रडायला येतं म्हणा."

३० ऑक्टोबर

दुकानाचं शटर अर्धं ओढून तिथल्या कॉम्प्युटरवर सिनेमांची तपासणी सुरू केली. साखरपुड्याचा सिनेमा: पहिल्या दहा मिनिटांत नायिकेचा बाप मरतो. हे मला ठाऊकच नव्हतं. तेव्हा मला फक्त मावशी दिसत होती. बाद.

गच्चीवरचा: आई रडते. मग मावशी रडते, मग मोलकरीण रडते. बाद.

मला काही झालं नाही. सगळे रडत होते आणि मी फ्रेमा बघत होतो.

१ नोव्हेंबर, गुरुवार

हैसमची आई वर मदाम एव्हलिनकडे गेली. एव्हलिन विधवा, मुलगा मॉन्ट्रियलला, चांगली बाई. दर गुरुवारी ही संध्याकाळची तिच्याकडे जाते.

"कुठे निघालीस?" विचारलं.

"एव्हलिनकडे. मुलूखिय्याची भाजी निवडायची आहे."

"बरं."

ती दारात उभी राहिली. "ताजी मुलूखिय्या, सब्री. पाच किलो."

"बरं बरं."

दार जरा जोरात लागलं. नंतर मनात आलं, ही भाजी उन्हाळ्यातली, नोव्हेंबरात ताजी कुठून मिळाली? असेल कुठेतरी. हल्ली सगळंच बाराही महिने मिळतं.

तिचं नाव इन्शिराह. पण हैसम झाल्यापासून ती हैसमची आई आणि मी हैसमचा बाप. माणसं अजून तिला तसंच म्हणतात. इथे डायरीत मीही लिहितो, पण समोर जीभ वळत नाही. इन्शिराह म्हणायची सवय गेली आणि दुसरं म्हणवत नाही. म्हणून मी तिला हाकच मारत नाही. "ऐकतेस का" म्हणतो.

६ नोव्हेंबर

अश्मावीकडून बदली सिनेमे आणले. एक बरा होता, विनोदी. अर्ध्यात एक पोरगा मोटरसायकलवरून येतो आणि खिडकीखाली हॉर्न वाजवतो. पुढे काय होतं बघितलं नाही. बंद केला, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि घरी आलो.

अर्ध्या तासाने समोरच्या कोशरीच्या खानावळवाल्याचा फोन. "उस्ताज सब्री, कुलूप लावलंयत, पण शटर तर उघडंच आहे." कुलूप नुसत्या कडीत अडकवलं होतं. परत गेलो. काही चोरीला गेलं नव्हतं. गेलं असतं तरी काही वाटलं नसतं, असं वाटलं.

९ नोव्हेंबर

तिने निळा झगा घातला होता. म्हटलं, "काळं सोडलंस?"

"मे महिन्यात सोडलं."

"कुठल्या मे?"

तिने पातेलं पुढे ओढलं. माझ्या पानात भाताने भरलेली आणखी एक महशी वाढली.

ती बाजारात गेल्यावर चादर सोडून बघायला गेलो, ऐन दिवशी घोळ नको म्हणून. सुटेना. चादरीची चारी टोकं टीव्हीच्या पायाखालून घेऊन मागे गाठ मारली आहे. साधी गाठ नाही. सैन्यात असताना आम्ही ट्रकवरच्या ताडपत्रीला मारायचो तशी आहे, ओढाल तेवढी घट्ट होणारी. बाई मोठी हुशार असली पाहिजे. नखं दुखायला लागली, नाद सोडला.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

वाढदिवसाला एव्हलिनलाही बोलवावं म्हणून वर गेलो. दाराशी पोचलो तर आतून नाचगाण्याचा आवाज, आणि कुणीतरी खदखदून हसत होतं. बेल वाजवली तशी सगळं एकदम बंद. बराच वेळ दार उघडेना.

आत दोन खुर्च्या टीव्हीसमोर, मधे चहाचे दोन पेले, बियांच्या सालांचा ढीग. हैसमची आई भाजीला शिवलेलीही नव्हती, हात कोरडे. भाजीचं पान नव्हतं कुठे.

मी आलो तसा परत फिरलो. जिन्यात एव्हलिनला बाजूला घेऊन सांगितलं, "मदाम, तुम्ही मोठ्या आहात, पण एक बोलतो. मुलगा गेलेल्या बाईला समोर बसवून तुम्ही सिनेमे बघता? भिडेपोटी बसत असेल बिचारी. मनावर काय होत असेल तिच्या?"

एव्हलिनने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं ओशाळली. मग तिचे डोळे भरले. "सब्री," म्हणाली, "तू डोळे तपासायची फी परत करत जा लोकांना."

हे काय बोलणं झालं? मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मला हल्ली काहीच येत नाही, झोप सोडून, आणि तीही नीट नाही.

१९ नोव्हेंबर

माळ्यावरची बॅग खाली आली आहे. पलंगापाशी उभी आहे, तपकिरी. मी तिच्यावरची धूळ पुसली. साखळी अडकत होती, तिला मेण लावलं. तिने बघितलं.

"मेण कशाला?"

"अडकत होती."

"तुला काहीच विचारायचं नाही?"

"बस किती वाजता असते?"

ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. बादली केव्हाच भरून वाहायला लागली होती.

मी तिला सांगू शकलो असतो की जाऊ नकोस. वाक्य लहानसंच आहे. पण तेवीसला सगळं होणारच आहे, मग आधी बोलून मजा का घालवायची, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ

कलेजीचे सँडविच सांगून ठेवलेत. बिया आणल्या, खाऱ्या आणि साध्या. केक आहे. अश्मावीने शेवटी कंटाळून पेनड्राइव्हवर सगळेच सिनेमे भरून दिले, मरणारे, रडणारे, सगळे. "बाईंना ठरवू द्या," म्हणाला. चौथा अजून ठरला नाही. गाठीसाठी दुकानातली कात्री आणली आहे.

२४ नोव्हेंबर

कालचं लिहितो.

नमाजहून आलो तेव्हा ती आत केस विंचरत होती. मी टीव्हीमागे गुडघे टेकून गाठीशी झटापट करत होतो. शेवटी कात्री उचलली, तेवढ्यात ती दारात.

"कात्री ठेव."

"तुझा वाढदिवस आहे," म्हटलं. "सिनेमे आणलेत. तुझ्यासाठी. पण ही सुटत नाही. त्या दिवशीच्या बायकांपैकी कुणी मारली कोण जाणे."

"कुठल्या बायका?"

"आल्या होत्या त्या."

ती सोफ्यावर बसली. "सब्री, बायका आतल्या खोलीत होत्या. तू कबरस्तानातून आलास. बूट काढले नाहीस. टीव्ही बंदच होता, तरी त्याची वायर उपटलीस. कपाटातली चादर काढून घातलीस आणि मागे ही गाठ मारलीस. मी तिथे दारात उभी होते, आत्ता आले तिथेच. मला म्हणालास, आता या घरात हे नको."

"मी?"

"तू."

मी गाठीकडे बघितलं. सैन्यातली गाठ. एव्हलिनला येणार आहे का? करीमाला? अख्ख्या इमारतीत ट्रकवर ताडपत्री बांधलेला मी एकटा.

"मग तू का नाही सोडलीस?"

"बापाने मुलाच्या नावाने बांधलेली गाठ मी सोडू? चाळिसाव्याला वाटलं सोडशील. वर्ष झालं तेव्हा वाटलं. बयूमी खाली मुका होऊन बसलाय, तो काय माझ्यासाठी? सगळी इमारत तुझी वाट बघतेय." तिचा आवाज चढला. मला तो चढलेला ऐकून किती दिवस झाले होते. "मी दर गुरुवारी वर जाऊन सिनेमे बघते आणि तुला सांगते मुलूखिय्या निवडते! नोव्हेंबरात! पाच किलो! इतकं ढळढळीत खोटं बोलले, म्हटलं आता तरी भांडेल. आणि तू काय म्हणालास? बरं! माझ्या बॅगेला मेण लावलंस, सब्री!"

"तू जाऊ नकोस," मी म्हणालो. टीव्हीच्या मागूनच म्हणालो.

मी कात्री बाजूला ठेवली. ती गाठ ओढून सुटत नाही, आखूड टोक उलटं आत ढकलावं लागतं. मला माहीत होतं. बोटांना माहीत होतं. एका झटक्यात सुटली.

चादरीखाली धूळ नव्हती. ती मधून मधून हात घालून पुसत असणार.

"कुठला आधी?" मी विचारलं.

"खुर्चीत अडकतो तो. शेवट राहिलाय आपला."

वायर लावली, पेनड्राइव्ह खोचला आणि बसलो. तिने सँडविच उघडलं, मी बिया सोलायला घेतल्या. आवाज मोठा ठेवला तिने, पहिल्यासारखा. नावं झाली, बँक आली, आणि तो कारकून काळ्या जाड फ्रेमचा चष्मा घालून टेबलापाशी वर बघतो.

मी तोंड उघडलं आणि थांबलो. तो माझ्या आधी म्हणायचा म्हणून थांबायची सवय आहे. थांबलो तर कुणीच म्हणेना. कारकून बोलत राहिला. मी वाट बघत राहिलो. हैसमची आईही सतरंजीच्या त्या कोपऱ्याकडे बघत होती, जिथे तो पालथा पडून बघायचा.

मग तिनेच हळू म्हटलं, "बाबा, काचा नाहीत."

त्यानंतर जे झालं त्याला रडणं म्हणायला मला लाज वाटत नाही. बिया सांडल्या. कारकून खुर्चीत अडकला, साहेब धावला, सगळे हसत होते आणि मी माझ्या मुलासाठी दीड वर्षाचं एकदम रडलो. तिने माझं डोकं धरून ठेवलं होतं. तिचेही खांदे हलत होते. मी किती वेळा त्याचं नाव घेतलं ते मला माहीत नाही, पण डक्टमधून सगळ्या इमारतीने ऐकलं असणार. ऐकू दे.

आणि मग खालून धडाका झाला. मॅच. समालोचक बोंबलतोय, हजारो माणसं ओरडतायत, आमच्या कपाटातल्या बशा वाजायला लागल्या. बयूमीने आमचा टीव्ही ऐकला होता.

तिने नाक पुसलं, उठली, स्वयंपाकघरात गेली आणि डक्टमध्ये डोकं घातलं. "बयूमी, मेला तुझा टीव्ही!"

"मॅच आहे, हैसमची आई, माफी!" म्हाताऱ्याचा आवाज फाटला होता. वरून एव्हलिनने काहीतरी ओरडून दोघांनाही शिव्या दिल्या.

"हैसमची आई," मी हाक मारली. "ये, शेवट आला."

शेवटी कारकुनाचं लग्न होतं. एवढंच. त्यानंतर तिने चौथा सांगितला, हैसमने तिला शेवटचा दाखवला तो, मी न बघितलेला. मला शेवट आधीच सांगू का म्हणाली. नको म्हटलं.

तो सुरू झाल्यावर करीमाचा फोन आला. उद्याच्या कितीच्या बसने येतेस, विचारत होती. ही पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "नंतर कर गं. सिनेमा चालू आहे आणि सब्री जागा आहे."